राजीनामा खिशात ठेवून फ्लॅट घेता येत नाही

‘नोकरी सोडा, कर्जावर फ्लॅट घ्या, हप्ता भाडेकरू भरेल, पाच वर्षांत तुम्ही पूर्णवेळ रिअल इस्टेट गुंतवणूकदार!’ हा मेसेज सध्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. गेल्या रविवारी माझा भाचा दादरला घरी आला तो राजीनामा मोबाइलवर टाइप करूनच. मी २२ वर्षं एका बँकेच्या गृहकर्ज विभागात काढली आहेत, त्यामुळे यावर मला गप्प बसवत नाही.

‘हप्ता भाडेकरू भरेल.’ भाच्यासमोर वही घेऊन हिशेब मांडला. १ कोटीच्या फ्लॅटला बँक ७५ लाखांपर्यंत देते, उरलेले २५ लाख आपले. मुंबईत मुद्रांक शुल्क ६ टक्के (बाईच्या नावावर ५), म्हणजे आणखी ६ लाख, वर नोंदणीचे ३० हजार. हे कर्जात बसत नाही. दलाली वेगळी. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता होतो ६५ हजार. भाडं? आपल्याकडे वर्षाला घराच्या किमतीच्या अडीच-तीन टक्के मिळालं तरी खूप, म्हणजे महिन्याला फार तर २५ हजार. वरचे ४० हजार दर महिन्याला कुठून आणणार? भाचा वहीकडे बघतच राहिला.

आणि ते २५ हजारही बाराही महिने येत नाहीत. माझा मुलुंडला एक वन बीएचके आहे. मागे करार संपला आणि भाडेकरू जूनमध्ये गेला. दुसरा मिळेपर्यंत अडीच महिने गेले. तेवढ्यात बाथरूममधून खालच्यांच्या छतावर ओल उतरली, टाइल्स उखडून वॉटरप्रूफिंग करून द्यावं लागलं. सोसायटीचा मेंटेनन्स चालूच होता.

‘तोटा टॅक्समध्ये भरून निघतो.’ जुन्या करप्रणालीत घराचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त गेलेलं व्याज, पगारातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा होतो. नव्या प्रणालीत भाड्याने दिलेल्या घराचा तोटा पगारातून वजाच होत नाही. आणि पगारच नसेल तर वजा कशातून करणार?

‘मुंबईत भाव पडत नाहीत.’ नव्वदच्या दशकाच्या मध्यात चढलेले भाव नंतर काही वर्षं उतरत गेले, ते मी बँकेत बसून पाहिलंय. २०२० मध्ये विक्री इतकी थंडावली होती की सरकारला काही महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क २ टक्क्यांवर आणावं लागलं.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘नोकरी हाच अडथळा आहे.’ अरे, कर्ज तर नोकरीच्याच जोरावर मिळतं! बँक पगाराच्या स्लिपा बघते, कापलेल्या कराचा दाखला, म्हणजे फॉर्म १६, बघते. धंदेवाल्याकडे साधारण दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. नोकरी सोडून महिनाभराने अर्ज केलास तर तुझी फाइल पुढे सरकणारच नाही.

आणि नोकरी शिकवतेही. या क्षेत्रात यायचंच असेल तर बँकेत कर्जाच्या फाइली बघ, टायटल सर्च, म्हणजे मालकी हक्काची तपासणी, करणाऱ्या वकिलाकडे बस, किंवा महारेराची (राज्याच्या घरबांधणी नियामकाची) परीक्षा देऊन एजंट हो. माझ्याकडे एक फाइल आली होती. वडील गेल्यावर नॉमिनी म्हणून सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मुलाच्या नावावर झालेलं, आणि तोच फ्लॅट विकत होता. दोन बहिणींचं रिलीज डीड, म्हणजे हक्क सोडल्याचा दस्त, नव्हतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे घेणाऱ्याला ठाऊकच नव्हतं आणि पाच लाखांचं टोकन देऊन बसलेला. कर्ज थांबलं आणि तो माणूस माझ्या टेबलासमोर रडला. फ्लॅटला रंग नवा होता, लिफ्ट नवी होती. त्याने बघितलं होतं ते तेवढंच.

भाच्याने राजीनामा पाठवलेला नाही. शनिवारी तो ओळखीच्या एका एजंटाबरोबर ठाण्याला कागद बघायला गेला होता. रात्री त्याचा फोन आला, “मावशी, इंडेक्स टूवरचं, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यावरचं, क्षेत्रफळ भिंतींच्या आतलं कार्पेट धरायचं की भिंतींसकटचं बिल्टअप? तू काय बघायचीस?”

मी म्हटलं, “ॲग्रीमेंटमधलं फ्लॅटच्या वर्णनाचं शेड्यूल उघड, आणि मला वाचून दाखव.”