म्हादईचं पाणी बेळगावच्या नळाला येणार नाही

"म्हादई मलप्रभेत वळवली की बेळगावला चोवीस तास पाणी. लवादाने 13.42 टीएमसी दिलंय, तरी ते समुद्रात वाया जातंय. पुढे पाठवा." हा मेसेज कधीपासून फिरतोय. काल आत्याने मलाच पाठवला आणि वर विचारलं, "मग बोअर मारायला नको ना रे?" म्हणून लिहावं लागतंय.

अहो, बेळगाव शहर मलप्रभेचं पाणी पीतच नाही! आपल्याला पाणी येतं राकसकोपहून, म्हणजे मार्कंडेय नदीचं, आणि हिडकल धरणातून, म्हणजे घटप्रभेचं. मार्कंडेयही पुढे गोकाककडे घटप्रभेलाच मिळते. मलप्रभेची वाट वेगळी. ती कणकुंबीला उगम पावते, खानापूरवरून सौंदत्तीच्या नवलतीर्थ धरणात जाते आणि तिथून कूडलसंगमाला कृष्णेत. म्हादईच्या कळसा आणि भांडुरा या ओढ्यांचं वळवलेलं पाणी साठणार ते नवलतीर्थला, म्हणजे शहराच्या पार खाली. ते मुख्यतः हुबळी-धारवाड आणि मलप्रभा खोऱ्यातल्या गावांसाठी आहे. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्यांना उपयोग होईल, त्यांची गरजही खरी आहे, एवढं मान्य. पण जिल्ह्याला पाणी म्हणजे शहराला पाणी नव्हे.

आता आकडा. 13.42 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) खरं आहे, पाणीतंटा लवादाच्या 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात कर्नाटकाला तेवढं दिलंय. पण त्यातलं 8.02 वीजनिर्मितीसाठी आहे. मलप्रभेत वळवायला मिळालंय 3.9: कळसाचं 1.72, भांडुराचं 2.18. मेसेज लिहिणाऱ्याने निवाड्याचं नाव घेतलं, आतलं वाचलं नाही.

"समुद्रात वाया" हे तर संतापजनक. म्हादई आपल्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात उगम पावते. ते जंगल, खाली गोव्यातली शेती, खाडीत शिरणारं खारं पाणी मागे रेटणं, हे सगळं त्याच प्रवाहावर चालतं. ते वाया कसं?

आपल्या नळाचं दुखणं वेगळं आहे. हिडकल शहरापेक्षा खालच्या पातळीवर आहे. तिथून पाणी पंपाने वर चढवावं लागतं. वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की पाणी बंद, मग हिडकल काठोकाठ भरलेलं असो. 2008 च्या सुमारास शहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. त्यासाठी नवीन पाईप आणि मीटर बसवले, म्हादईचा थेंबही लागला नाही. नगरसेवकाला विचारायचंच असेल तर उरलेल्या वॉर्डांचे पाईप कधी बदलणार ते विचारा.

आत्याला सांगितलंय, बोअरचं म्हादईच्या भरवशावर ठरवू नको.