"मल्टी-करन्सी खातं घेऊनही पैसे कापलेच": या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तक्रार थोडक्यात अशी: मल्टी-करन्सी खातं, म्हणजे एकाच ठिकाणी वेगवेगळी चलनं ठेवता येणारं खातं, घेतलं तरी चलन बदलताना पैसे गेलेच, परदेशातल्या हॉटेलचं बिल फुगून आलं, गूगलवर दिसणारा दर मिळाला नाही, अमेरिकेतल्या ग्राहकाने पाठवलेले डॉलर कमी भरले, आणि दर चढेल का असं विचारलं तर आमच्या माणसाने सांगायला नकार दिला. तुमच्या खात्याचे तपशील मी इथे चव्हाट्यावर मांडणार नाही. तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

हॉटेलपासून सुरुवात करतो, कारण खरी गळती तिथेच आहे. तुमच्या खात्यात युरो होते आणि बिलही युरोतच होतं, म्हणजे चलन बदलायचं कारणच नव्हतं. पण कार्ड मशीनने विचारलं, युरोत भरणार की तुमच्या देशाच्या चलनात? तुम्ही ओळखीचं चलन निवडलं. नेमका आकडा समोर दिसतो म्हणून बरेच जण तसंच करतात. त्या क्षणी दर ठरला तो मशीनमागच्या कंपनीच्या मर्जीने. तिने स्वतःचा टक्का लावून युरोचं बिल तुमच्या चलनात फिरवलं. ते आमच्याकडे आलं तेव्हा खात्यात ते चलन नव्हतंच, म्हणून खात्याने तुमचे युरो विकून रक्कम उभी केली. बिल युरोचं, शिल्लक युरोची, आणि मध्ये फुकटची दोन रूपांतरं! मशीनवाल्यांनी ४ टक्के लावले आणि आमच्याकडे अर्धा टक्का गेला असं धरलं, तर १,००० युरोच्या बिलापायी जवळपास १,०४५ युरो जातात. 'युरो' निवडलं असतं तर बरोबर १,००० गेले असते. या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. तो एटीएमवरही भेटतो. तिथे 'रूपांतर नको' हा पर्याय घ्यायचा, मग स्क्रीनने कितीही घाबरवलं तरी.

आता गूगलच्या दराबद्दल. तो मिड-मार्केट दर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांचा मध्य. आम्ही त्यावर आमचा टक्का घेतो आणि 'कन्फर्म' दाबण्याआधी तो दाखवतो. 'शून्य शुल्क' असं आमच्याकडे कुठेही लिहिलेलं नाही. ज्यांच्याकडे लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा दरातच वसुली करतात, आवळा देऊन कोहळा काढतात. तुलना करायची तर शुल्काचा रकाना बघूच नका. १,००० डॉलर टाकले तर समोर एकूण किती युरो पडतात, एवढा एकच आकडा दोन्हीकडे बघा, आणि एकाच वेळी बघा. तुम्ही शनिवारी चलन बदललं. न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ५ ला बाजार थांबतो तो रविवारी संध्याकाळी ५ लाच उघडतो. मधल्या काळात दर हलण्याची जोखीम आमच्यावर असते, म्हणून टक्का वाढवतो. घाई नसेल तर कामाच्या दिवशीच बदला.

कमी आलेल्या डॉलरचं कारण साधं आहे. इनव्हॉइसवर तुम्ही स्विफ्टचे, म्हणजे बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय मार्गाचे तपशील दिले होते, त्यामुळे वाटेतल्या बँकांनी आपापलं शुल्क कापून घेतलं. अमेरिकेतल्या ग्राहकाला खात्यातला राउटिंग नंबर (अमेरिकेतल्या बँकेची ओळख सांगणारा आकडा) आणि अकाउंट नंबर द्या, पैसे तिथल्या एसीएच या देशांतर्गत बँक-व्यवस्थेतून येतील.

दर चढेल का, हे आमचा माणूस सांगणार नाही, आणि यात बदल होणार नाही. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने, म्हणजे स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने, युरोमागे १.२० फ्रँकची किमान मर्यादा अचानक उठवली आणि युरो फ्रँकसमोर कोसळला. फ्रँकमध्ये देणी असताना युरो साठवून बसलेल्यांना काही मिनिटांत मोठा फटका बसला. ज्या चलनात पुढचा खर्च आहे ते जरूर साठवा. भाव चढेल या आशेने साठवणं हा सट्टा आहे, आणि हे खातं त्यासाठी नाही. खरं तर सगळी कमाई डॉलरमध्ये आणि सगळा खर्च घरच्या चलनात, असं ज्यांचं आहे त्यांना या खात्याचा फायदा बेताचाच. एकदा तरी बदलावंच लागतं, वाचतो तो दरातला थोडा फरक. तुमचं तसं नाही. डॉलरशिवाय तुमची आवक-जावक दोन्ही युरोतही आहे, आणि न बदलता भरलेल्या युरोवर टक्का लागतच नाही.

हॉटेलच्या मशीनने घेतलेला फरक आमच्याकडे आलेला नाही, त्यामुळे तो आम्ही परत करू शकत नाही. मात्र काउंटरवरच्या माणसाने तुम्हाला न विचारता परस्पर पर्याय निवडला असेल, तर गोष्ट वेगळी. कार्ड नेटवर्कच्या नियमांनुसार ती निवड ग्राहकाचीच असते आणि त्यावर वाद दाखल करता येतो. पावतीवर दोन्ही रकमा आणि लावलेला दर छापलेला असेल. तिचा फोटो ॲपमधल्या तक्रारीला जोडा, लवकर जोडा, कारण अशा वादाला मुदत असते. आणि इथे रिव्ह्यूखाली टाकू नका, पावतीवर कार्डचे आकडे असतात.