गाडी घेऊनच जायचंय यांना!

संध्याकाळी पावणेसातची बेसबॉल मॅच म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची ऑफिसं सुटायच्या वेळेलाच. त्यात ऑरॅकल पार्क हे स्टेडियम भर शहरात, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला किंग स्ट्रीट. ४१ हजारांच्या आसपास माणसं तिथे उतरणार. तरी आमच्या ग्रुपमधला कुणीतरी दरवेळी म्हणणारच, "गाडीनेच जाऊ रे, निवांत!"

निवांत? फ्रीवेवरून उतरताच सगळे लाल दिवे. थर्ड स्ट्रीटच्या पुलापाशी नारंगी-काळ्या टोप्या घातलेल्या चाहत्यांचा लोंढा सिग्नलला भीक घालत नाही. मॅच असली की रस्त्यावरच्या पार्किंग मीटरचे दरही चढतात, आणि त्या दरातही जागा असेल तर शपथ! मग त्याच चार गल्ल्यांमधून घाण्याच्या बैलासारख्या फेऱ्या. मागच्या सीटवरून सल्ले वेगळेच, "ती बघ, ती निघतेय!" ती निघत नसते. मालक डिकीतून जॅकेट काढत असतो. (जुलैतही लागतं, तो भाग वेगळा.)

अरे, कॅलट्रेनचं, म्हणजे इथल्या लोकलचं, शेवटचं स्टेशन तिथून चालत दहा मिनिटांवर आहे! एन ट्राम तर दारातच सोडते. गर्दी असते, मान्य, उभं राहावं लागतं. पण याच मंडळींनी मुंबईत वानखेडेला कधी गाडी नेली होती का? चर्चगेटला उतरून मुकाट चालायचे. इथे आले की पायांना काय होतं, देव जाणे. पुढच्या वेळी मी ट्रेनने जाणार. तिकिटं माझ्याच फोनमध्ये आहेत, बसा पार्किंग शोधत.