ध्यानचंद यांना हिटलरच्या शिफारसपत्राची गरज नाही

राष्ट्रीय क्रीडादिन जवळ आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक ठरलेला मजकूर फिरू लागतो. यंदा फोंड्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तो शाळेतील भाषणासाठी जसाच्या तसा उतरवून घेतला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मजकुराचा सारांश असा: १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील अंतिम सामन्यात ध्यानचंद अनवाणी खेळले आणि त्यांनी एकट्याने आठ गोल केले, हिटलरने त्यांना बोलावून जर्मन सैन्यात मोठा हुद्दा देऊ केला व त्यांनी तो बाणेदारपणे नाकारला, हॉलंडमध्ये त्यांची स्टिक मोडून आत चुंबक आहे का ते पाहिले गेले, व्हिएन्नात त्यांचा चार हातांचा पुतळा आहे, आणि हॉकी हा आपला राष्ट्रीय खेळ आहे.

हिटलरची गोष्ट सर्वांत लाडकी आणि सर्वांत घातकही, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. ध्यानचंद यांचे ‘गोल’ हे आत्मचरित्र १९५२ साली प्रसिद्ध झाले. बर्लिनला पोहोचल्यावर १७ जुलैच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले, त्या पराभवाने संघ हादरला आणि दारा या खेळाडूला तातडीने पाठवण्याविषयी मायदेशी कळवावे लागले, हे त्यात आहे. अंतिम सामन्यापूर्वी संघाचे सहायक व्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी खोलीत काँग्रेसचा तिरंगा काढला व खेळाडूंनी त्याला वंदन केले, हेही आहे. हिटलरने देऊ केलेल्या हुद्द्याविषयी मात्र एक अक्षर नाही. पुस्तक निघाले तेव्हा हिटलर मरून सात वर्षे झाली होती, देश स्वतंत्र होता आणि तिरंग्याला केलेले वंदन उघडपणे सांगणाऱ्या माणसाला ही गोष्ट लपवण्याचे काहीही कारण नव्हते. शिवाय हा देऊ केलेला हुद्दा कुठे कर्नलचा असतो, कुठे थेट फील्ड मार्शलचा. ध्यानचंद तेव्हा ब्रिटिश हिंदी सैन्यात खालच्या हुद्द्यावर होते एवढे त्यात खरे आहे; बाकीची इमारत त्या एका विटेवर रचलेली आहे.

पुरावा नसणे ही एक गोष्ट झाली. मला अधिक खटकते ती या कथेची मांडणी. तिच्यात हिटलर हा गुणांची पारख असलेला रसिक ठरतो. त्याच ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर ग्रेटेल बर्गमन या ज्यू तरुणीने उंच उडीतील जर्मन विक्रमाची बरोबरी केली होती आणि तरीही तिला संघातून वगळण्यात आले. ज्या राजवटीने स्वतःच्या देशातील खेळाडूचे गुण केवळ वंशामुळे नाकारले, तिच्या प्रमुखाने पाठ थोपटली म्हणून आपला खेळाडू मोठा, असे आपण शाळकरी मुलांकडून वदवून घेतो. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके, १९२८, १९३२ आणि १९३६ ची, ज्याच्या नावावर आहेत त्याच्यासाठी हा दाखला कशाला हवा?

चुंबकाचा मुद्दा तर हसण्यासारखा आहे. त्या काळचा हॉकीचा चेंडू बुच व दोरा यांच्या गाभ्यावर कातडे शिवून केलेला असे. कातड्याला चुंबक ओढत नाही, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. मग स्टिकमध्ये चुंबक असता तरी त्याने काय केले असते? पण ही कथा सांगणाऱ्याला आपण स्तुती करतो आहोत असेच वाटते आणि प्रत्यक्षात तो खेळाडूचे कसब एका युक्तीवर आणून ठेवतो. ध्यानचंद यांचे मोठेपण चेंडू चिकटवून ठेवण्यात नव्हते. तो केव्हा सोडावा आणि कोणाकडे द्यावा, हे त्यांना इतरांपेक्षा क्षणभर आधी दिसत असे. १९३२ मध्ये अमेरिकेविरुद्धच्या २४-१ च्या सामन्यात त्यांचे आठ गोल होते, तर धाकटे बंधू रूपसिंग यांचे दहा.

आठ गोलांचा घोळ कदाचित तिथूनच आला असावा. बर्लिनचा अंतिम सामना पावसामुळे १४ ऐवजी १५ ऑगस्टला झाला आणि भारताने तो ८-१ असा जिंकला; हे आठ गोल संघाचे आहेत. त्यांतले ध्यानचंद यांचे किती, याविषयी तीन आणि सहा असे दोन आकडे सांगितले जातात. आठ मात्र नव्हेत. अनवाणी खेळण्यात अर्धे तथ्य आहे, हे मान्य करावे लागते: मध्यंतराला भारत केवळ १-० ने पुढे होता आणि ओल्या मैदानावर उत्तरार्धात त्यांनी खिळ्यांचे बूट व मोजे काढले, परंतु पायांत रबरी तळव्यांचे जोडे होते.

व्हिएन्नातील पुतळ्याचे विश्वासार्ह छायाचित्र कोणी दाखवलेले नाही. राष्ट्रीय खेळाविषयी सांगायचे तर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्येच माहिती अधिकारातील उत्तरात कोणताही खेळ तसा घोषित केलेला नाही, असे स्पष्ट केले आहे.

या सगळ्या गदारोळात गोमंतकीयांनी सांगायला हवी होती ती गोष्ट राहूनच जाते. बर्लिनच्या त्याच सुवर्णविजेत्या संघात पीटर पॉल फर्नांडिस हे कराचीचे गोमंतकीय होते. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, पोटापाण्यासाठी कराची आणि मुंबई गाठलेल्या कुटुंबांतील मुले तिथल्या मैदानांवर हॉकी शिकत होती आणि त्यांतूनच पुढे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघात लिओ पिंटो व वॉल्टर डिसोझा यांच्यासारखी माणसे आली. म्हापशाच्या पेडे क्रीडासंकुलात आज हॉकी खेळणाऱ्या मुलांपैकी किती जणांनी पीटर पॉल यांचे नाव ऐकले असेल, याची मला शंकाच आहे. हिटलरची गोष्ट मात्र त्यांतल्या बहुतेकांना तोंडपाठ असणार.