अकरा मिनिटं टाळ्या आणि तान्ह्या पोळ्याचा पहिला नंबर

तान्हा पोळा आटोपून मंडळी पारावर जमली तेव्हा वाद खरं तर नंदीबैलांचा होता. परीक्षक गुरुजी. चाळीस पोरं, चाळीस लाकडी नंदी, आणि पहिला नंबर आला भल्या थोरल्या, करकरीत पांढऱ्या रंगाच्या नंदीचा. नानाभाऊंच्या नातवाला मिळाली उत्तेजनार्थ कंपासपेटी. नानाभाऊ तोंडात खर्रा धरून गप्प होते. ते गप्प असले की समजायचं, प्रकरण पेटणार आहे.

तेवढ्यात बंट्या मोबाईल नाचवत आला.

"अकरा मिनिटं! व्हेनिसच्या फेस्टिवलात पिक्चरले अकरा मिनिटं टाळ्या! क्रिटिक लोकं उभे राहून रडले म्हणते. मास्टरपीस!"

बंट्याचं समीक्षण चॅनल आहे. तो ट्रेलरचं समीक्षण करतो, पोस्टरचं करतो, आणि पिक्चर आला की 'म्हटलं होतं ना' असा व्हिडिओ टाकतो. मास्टरपीसच्या खाली त्याच्याकडे एकच पायरी आहे, बकवास.

सुधाकर मुंबईला साउंडच्या कामावर असतो, पोळ्याला न चुकता गावी येतो. चहाचा कप खाली ठेवत त्याने विचारलं, "कोणता क्रिटिक रडला बे? नाव सांग."

"सारेच."

"सारे क्रिटिक त्या खेळाले नव्हतेच. ऐक. मोठ्या फेस्टिवलात पत्रकारायचा खेळ येगळा राहते, बहुतेक सकाळचा नाहीतर आदल्या रातचा. संध्याकाळी लाल गालिचावाला मुख्य खेळ होते, त्याले हिरो, हिरोईन, डायरेक्टर, पैसा लावणारा, त्यायचे पाहुणे. टाळ्या या खेळातल्या. समीक्षकानं सकाळी पाहिला, दुपारी लिहिला, अन् बंदी उठेपर्यंत दाबून ठेवला."

"कायची बंदी?" नानाभाऊंनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"एम्बार्गो म्हणते त्याले. ठरलेल्या वेळेआधी एक शब्द छापायचा नाही. म्हणून वेळ झाली का एका मिनिटात वीस परीक्षणं टपकते. बंट्याले वाटते, पिक्चर संपल्याबरोबर लोकायनं रडत-रडत लिहिलं."

"पण अकरा मिनिटं तर खरे आहे ना?" बंट्या हटेना.

"टाळ्या थांबतीन कश्या? पिक्चर संपला का दिवे लागते, कॅमेरा हिरोच्या तोंडापुढं नेते अन् ते तोंड पडद्यावर दाखवते. डायरेक्टर समोर डोळे पुसून रायला. आता तू खाली बसशील का? वरून दरवाज्याजवळ पेपरवाले घडी लावून उभे. एकाच पिक्चरले एक पेपर आठ मिनिटं म्हणते, दुसरा अकरा."

नानाभाऊ शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा माणूस. घडीचं नाव निघाल्यावर ते सरसावून बसले. "म्हणजे घडी कवापासून धरली? जोडी सुटल्यावर, का सुटायच्या आधी?"

"हाच तर घोळ आहे, भाऊ. कोणी नावाच्या पाट्या चालू झाल्या का बटन दाबते, कोणी दिवे लागल्यावर."

"आमच्या पटात अशी घडी लावली असती तर डोस्के फुटले असते."

गुरुजींना हे सगळं सवंग वाटत होतं. निवृत्तीनंतर गुरुजी वाचनालयात बसून चित्रपटावरचं जे मिळेल ते वाचतात, आणि वाचलेलं कुणाला तरी ऐकवल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. "टाळ्यांचं सोडा," ते म्हणाले. "समीक्षक ही जबाबदार जमात आहे. फिप्रेसी ही समीक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९३० पासून आहे. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'क्रिटिक्स वीक' हा अख्खा विभाग तिथले समीक्षक स्वतः चालवतात, १९६२ पासून, आणि तो फक्त दिग्दर्शकाच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या चित्रपटासाठी. नवख्याला कोण विचारतं एरवी?"

हे खरंच होतं, त्यामुळे क्षणभर कुणी बोललं नाही. मग नानाभाऊंनी पिंक टाकली.

"मुहूर्ताचा भाव आहे हा."

"काय?"

"कापसाचा मुहूर्त पाहिला नाही का? यार्डात पहिली गाडी आली का व्यापारी तिची पूजा करते, नारळ फोडते, शेतकऱ्याले शेला-टोपी देते अन् भाव असा देते का पेपरात फोटो छापून येते. तो फोटो पाहून गावातले सारे गाड्या भरते. चार दिवसांनी यार्डात जा. ग्रेडर हात घालते अन् म्हणते, ओलावा बारा टक्क्याच्या वर आहे, परत न्या. पहिला भाव खोटा नसते. पण तो एकाच गाडीचा राहते."

सुधाकर खूश झाला. आमच्या पारावर सुधाकरला खूश करणं सोपं नाही. "भाऊ, हेच. बंट्या, तुह्या त्या टक्केवारीचं सांगतो. रॉटन टोमॅटोज या परीक्षणं मोजणाऱ्या साइटवर फेस्टिवलात पिक्चर शंभर टक्के दिसते, हाव ना? त्याचा अर्थ शंभरापैकी शंभर मार्क नाही. जितक्यायनं लिहिलं तितक्यायले पिक्चर बरा वाटला, एवढाच. दहापैकी सहा देणारा बी त्यात 'चांगला' म्हणून मोजला जाते. फेस्टिवलात लिहिणारे पंधरा-वीस, तेबी असे पिक्चर आवडीनं पाहणारे. थेटरात लागल्यावर दोनशे लोकं लिहिते, मंग काटा खाली येते. पिक्चर तोच, मोजणारे बदलले."

"मग पहावं तरी काय?" गुरुजींनी जरा चिडूनच विचारलं.

इथे सुधाकरने जे सांगितलं ते मी बऱ्यापैकी जसंच्या तसं देतो, कारण कामाचं आहे. आधी तारीख बघायची, परीक्षण फेस्टिवलातलं आहे की प्रदर्शनानंतरचं. मग ते कुठं छापलंय ते. व्हरायटी, स्क्रीन, हॉलिवूड रिपोर्टर ही धंद्याची पत्रं. त्यांच्या परीक्षणात एखाद-दुसरं वाक्य हमखास असतं की हा माल कुठल्या देशात, कसल्या गिऱ्हाइकाला खपेल. ते वाक्य खरेदीदारासाठी असतं, आपल्यासाठी नाही. मग लांबी. फेस्टिवलात दाखवलेली लांबी आणि प्रदर्शनाची लांबी वेगळी निघाली तर जुनं परीक्षण दुसऱ्याच पिक्चरचं समजायचं. आणि शेवटी विशेषणं खोडून वाचायचं. खोडल्यावर एखाद्या प्रसंगाचं, आवाजाचं, नटाच्या कामाचं काही उरलं तर माणसाने पिक्चर जागेपणी पाहिलाय.

"लांबीचं उदाहरण?" गुरुजी.

"'द ब्राऊन बनी'. २००३, कान. रॉजर एबर्ट हा अमेरिकेचा बडा समीक्षक, तो म्हणाला, कानच्या इतिहासातला सगळ्यात वाईट पिक्चर. डायरेक्टर अन् तो अशे भांडले का आपल्या ग्रामसभेत बी नाही भांडत. मंग डायरेक्टरनं सव्वीस मिनिटं कापली, अन् त्याच एबर्टनं चारापैकी तीन स्टार दिले."

"सव्वीस मिनिटं!" नानाभाऊ. "आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात तेवढ्यात एक लावणी बी नाही होत."

"पण थकवा हे मुख्य कारण," सुधाकर पुढे म्हणाला. "सकाळी साडेआठचा खेळ, दिवसाले चार-पाच पिक्चर, मधात दोन तासात परीक्षण. कानले गळ्यातल्या पट्ट्याच्या रंगावर मान ठरते. तिकिटं ऑनलाइन व्हायच्या पयले पांढरा पट्टा आधी आत जाये, मंग ठिपक्यावाला गुलाबी, मंग साधा गुलाबी, निळा, अन् पिवळा शेवटी. पिवळ्यावाला रांगेतच अर्धा मरे. असा माणूस चवथ्या पिक्चरले बसला का दोनच गोष्टी होते. पिक्चर सावकाश असला तर डुलकी, अन् मोठा आवाज झाला तर मास्टरपीस."

"चाळीस नंदी," नानाभाऊ हळूच म्हणाले.

"काय म्हणालात?" गुरुजी.

"काही नाही. चालू द्या."

बंट्याला आता स्वतःकडे चेंडू ओढायचा होता. "पण काकाजी, आपले मराठी पिक्चर बी कानले जाऊन रायले दरसाली! मी पोस्टर टाकलं होतं."

सुधाकरने कपाळावर हात मारला. "अबे, कानले बाजार बी भरते. मार्शे द्यू फिल्म म्हणते त्याले. तिथं पैसे भरून हॉल घ्या अन् पिक्चर दाखवा. सरकार निवडलेले मराठी पिक्चर तिथं पाठवते, चांगली गोष्ट आहे, गिऱ्हाईक मिळू शकते. पण बाजारातला खेळ म्हणजे अधिकृत निवड नाही. पोस्टरवर फेस्टिवलची पानाची महिरप दिसली का तिच्यात विभागाचं नाव वाच. नाव नसलं तर समज, गाडी यार्डात उभी केली होती, ग्रेडरनं पाहिली नाही."

"मग अधिकृत निवड झालेले कोणते?"

"२०२४ ले पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाईट', कानच्या मुख्य स्पर्धेत. तीस वर्षांनंतर भारताचा पिक्चर तिथं लागला, अन् ग्राँ प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या नंबरचं बक्षीस, घेऊन आला. मराठी म्हणशील तर 'कोर्ट', २०१४ ले व्हेनिसच्या ओरिझोंती विभागात पहिला. 'साबर बोंडं' २०२५ ले अमेरिकेच्या सनडान्स फेस्टिवलले परीक्षकांचं मोठं बक्षीस. अन् आपल्या जिल्ह्यातला 'स्थळ'. २०२३, टोरोंटो फेस्टिवल, आशियाई पिक्चरसाठीचा नेटपॅक पुरस्कार."

'स्थळ'चं नाव निघालं आणि गुरुजींना बळ आलं. "तेच म्हणतोय मी! इथलंच गाव, इथलीच माणसं, कापूस, मुली बघायला येणारे पाहुणे. टोरोंटोच्या परीक्षकांनी नजर टाकली नसती तर ते कुणी पाहिलं असतं का?"

"नजर टाकली २०२३ ले, थेटरात आला मार्च २०२५ ले," सुधाकर म्हणाला. "दीड साल. पुरस्कारानं दार उघडते, गुरुजी, पण शो कितीचा लावायचा हे थेटरवालाच ठरवते. अन् दुसरी गोष्ट. परदेशातला समीक्षक खालच्या पाट्या वाचते. नवरीचा बाप 'काऊन' म्हणाला का पाहुणा 'का बरं' म्हणाला, पाटीवर एकच शब्द येते. कोण शिकलेलं, कोण शेतातून आलं, कोण उगाच शहरी बोलून रायलं, हे आपल्याले एका शब्दात समजते. त्याले नाही. त्याचा दोष नाही. पण पुण्यातला बी जवा फक्त 'ग्रामीण बोली' लिहून मोकळा होते, तवा मले राग येते."

"घेऊन जा गे मारबत!" नानाभाऊंनी नको ते गावाबाहेर घालवायची आरोळी ठोकली, आणि पारावरच्या दोन पोरांनीही सूर लावला.

हे एक बरोबर झालं, माझ्या मते. परदेशी परीक्षणावर चिडणं सोपं असतं, घरच्यावर कुणी चिडत नाही.

गुरुजींनी मात्र हुकमाचं पान राखून ठेवलं होतं. "तुम्ही समीक्षकांची चूक दाखवता. ती सुधारतात कोण? समीक्षकच. 'लाव्हेंतूरा' हा इटालियन चित्रपट, १९६०, कान. प्रेक्षागृहात शिट्ट्या आणि हशा. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक-समीक्षकांनी सह्या करून पाठिंब्याचं पत्रक काढलं. ज्युरीने पुरस्कार दिला. आणि १९६२ साली 'साईट अँड साउंड' मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा तोच चित्रपट 'सिटिझन केन'च्या पाठोपाठ दुसरा!"

"हे मानलं," सुधाकर म्हणाला. खरंच मानलं. "पण ज्युरी अन् समीक्षक एकच धरू नका. कानले स्क्रीन मासिक समीक्षकायचे स्टार जमवते, चारापैकी. २०१६ ले 'टोनी एर्डमान'ले ३.७, २०१८ ले 'बर्निंग'ले ३.८, तोवरचा सगळ्यात मोठा आकडा. मुख्य ज्युरीनं दोघायले काय दिलं? काही नाही. समीक्षकायचं फिप्रेसी मात्र भेटलं. अन् त्याच २०१८ ले कानवाल्यायनं पत्रकारायचा आधीचा खेळच बंद केला. सकाळच्या शिव्यायनं संध्याकाळचा गालिचा खराब होत होता ना!"

"म्हणजे परीक्षक अन् समीक्षक येगळे," नानाभाऊ म्हणाले. "मंग गुरुजी, तुमी कोण?"

"मी परीक्षक. आजचा."

"बरं. त्या पहिल्या नंबरच्या नंदीचा उजवा कान पाहिला का?"

"कान? उत्तम. प्रमाणबद्ध."

"तो तुटला होता. फेविकॉल लावून मी चिटकवला. दोन साल आधी तोच नंदी आमच्या मोठ्या नातवानं आणला होता, बिनरंगाचा. तुमीच म्हणाले होते, 'प्रमाणबद्धता नाही'. मंग मी तो साळ्याच्या पोट्ट्याले देऊन टाकला. यंदा त्यानं ऑइल पेंट मारला."

पारावर शांतता. टपरीवरच्या वहिनीनेसुद्धा गाळणी हवेत धरली होती.

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे आधी शिट्ट्या," ते सावकाश म्हणाले, "आणि दोन वर्षांनी कौल. त्यांचा दुसऱ्या नंबरवर थांबला. माझा थेट पहिला!"

मग जे हसणं सुटलं ते थांबेना. नानाभाऊंना खर्ऱ्याचा ठसका लागला, वहिनीचा चहा उतू गेला, आणि गुरुजी सगळ्यांच्या पाठी थोपटत स्वतःच हसत होते. बंट्या मात्र मोबाईल धरून उभा होता.

"दोन मिनिटं चौदा सेकंद!" तो ओरडला.

"कवापासून धरली बे?" नानाभाऊंनी ठसक्यातूनच विचारलं.