आळस म्हणालात, म्हणून एवढं लिहितो आहे

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायकोने लॅपटॉप मिटवला आणि "सकाळी लिहा" म्हणाली. आता सकाळ झाली आहे. राग फारसा उतरलेला नाही, तरी मुद्द्याला धरून लिहायचा प्रयत्न करतो.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साक्रीच्या पुढच्या माळावर काळ्या दगडाची एक लांबच लांब भिंत आहे. तिचे नऊ फोटो मी गेल्या आठवड्यात इथे टाकले आणि खाली विचारलं, "यातला कुठला आवडला? जानेवारीत मित्रांबरोबर छोटं प्रदर्शन करतो आहोत, मला दोनच द्यायचे आहेत." त्यावर 'एक दर्शक' या नावाने तुम्ही लिहिलंत: "एकाच जागेचे नऊ फोटो टाकून लोकांना निवडायला लावणं हा फोटोग्राफरचा आळस आहे. नऊपैकी पाच तर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने काढलेले. निवड स्वतःच्या डोळ्याने करा, वाहवा गोळा करू नका. चाळीसगावच्या केकी मूस यांनी कुणाला विचारलं होतं? तिसऱ्याचं क्षितिज तिरकं आहे, सातव्यातला हिरवा भडक आहे. आणि 'कुठला आवडला' हा प्रश्नच चुकीचा आहे, 'काय दिसलं' असं विचारायला हवं."

तिसऱ्या फोटोचं क्षितिज तिरकं आहे, हे मान्य. उजवीकडे अंशभर खाली गेलं आहे. रात्री घाईत फोटो लावताना ते नजरेतून सुटलं. ज्याचं बरोबर त्याला बरोबर म्हणायला मी कचरत नाही.

आता आळस.

भाऊ, हा शब्द लिहिण्याआधी एकदा विचार करायला हवा होता. धुळ्याहून साक्री पन्नासेक किलोमीटर. पहाटे साडेतीनला देवपुरातून मोटारसायकल काढली, पाठीवर ट्रायपॉड आणि पुढे टाकीवर कॅमेऱ्याची बॅग. डांबरी रस्ता संपल्यावर नांगरलेल्या काळ्या मातीच्या बांधावरून अर्धा तास चाललो. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि एकेका बुटाला किलोभर चिखल. खानदेशातली काळी माती ओली झाली की पाय धरून ठेवते, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. याच जागेवर मी या वर्षी तिसऱ्यांदा गेलो. आधी जूनमध्ये, मग श्रावणात आणि आता सप्टेंबरच्या शेवटी. तीन वेळा का, ते सांगतो, कारण तुमच्या "पाच-पाच मिनिटं" या टोमण्याचं उत्तरही त्यातच आहे.

ही भिंत कुणी बांधलेली नाही. लहानपणी आम्ही तिला नुसतं 'भिंत' म्हणायचो आणि पांडवांनी एका रात्रीत उभी केली यावर विश्वास ठेवायचो. दख्खनचा सगळा काळा खडक साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या थरांना उभ्या भेगा पडल्या, खालून नवा रस भेगांत शिरला आणि तिथेच थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि भेगेतला कठीण दगड उभा राहिला. भूगर्भशास्त्रातले लोक याला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात अशा डाइक पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. आमची भिंतही तशीच, किंचित ईशान्येकडे कललेली.

आता उजेडाचं बघा. जूनमध्ये आपल्याकडे सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो. तेव्हा ऊन भिंतीच्या लांबीने सरळ सरकत जातं, तिची एक बाजू उजळ आणि दुसरी काळी असं होतच नाही, म्हणून फोटोत ती सपाट दिसते. डिसेंबरात सूर्य तितकाच दक्षिणेकडे सरकलेला असतो. ऊन तिरपं येऊन भिंतीच्या दक्षिण अंगावर पडतं, उत्तर अंग सावलीत जातं आणि दगड उठून दिसतो. सप्टेंबर या दोन्हींच्या मधला. तेव्हा उजेड थोडासाच तिरपा असतो आणि तोही सूर्य अगदी खाली असेपर्यंत. सूर्य क्षितिजापासून तीन अंशांवर असताना दहा फुटी बाभळीची सावली १९० फूट पडते. वीस मिनिटांत ती पाऊणशे फुटांवर येते. त्यात पावसाळी ढगांच्या सावल्या माळावरून सरकत असतात. ज्या पाच फोटोंना तुम्ही एकच फोटो समजलात, त्यातल्या पहिल्यात भिंतीची फक्त वरची कड उजळली आहे, तिसऱ्यात मधला तुकडा ढगाने गिळला आहे आणि पाचव्यात सावल्या आखडून मागचं बाजरीचं शेत पुढे आलं आहे. एकाच जागी उभं राहून वीस मिनिटं हलायचं नाही, हे ज्याने केलं आहे त्याला मी आळशी म्हणणार नाही. तुम्ही म्हणालात.

आणि निवडीला मी घाबरतो असं तुम्हाला कोणी सांगितलं? सतराव्या वर्षी धुळ्यातल्या एका स्टुडिओत डार्करूममध्ये लागलो. ३६ फोटोंचा रोळ धुतला की त्याची कॉन्टॅक्ट शीट काढायची. एकाच कागदावर नखाएवढे ३६ फोटो. शेठ भिंगातून बघायचे आणि तेलकट लाल पेन्सिलीने दोन-तीन चौकटी आखायचे, तेवढेच मोठे करायचे. बाकीचे पाकिटात. सात वर्षं हे काम केलं. लग्नाच्या सीझनमध्ये एका रात्रीत दहा-दहा रोळ. आयुष्यात किती फोटो नाकारले याची गणतीच नाही. निवड कशी करतात हे मला शिकवू नका.

दुसऱ्यांच्या फोटोंतून निवडणं मला कधीच अवघड गेलं नाही. स्वतःच्या फोटोंत मात्र मी एकदा सपशेल आपटलो. १९९६ साली एका स्पर्धेसाठी चार प्रिंट पाठवायच्या होत्या. कुणालाही न दाखवता चार निवडल्या, अगदी तुम्ही सांगता तसं, स्वतःच्या डोळ्याने. त्यात एक तोरणमाळचा यशवंत तलाव होता. त्या फोटोसाठी अंगात ताप असताना मी दोन दिवस वर राहिलो होतो आणि तिसऱ्या पहाटे पाण्यावर धुकं मिळालं होतं. तो फोटो हातात घेतला की मला थंडी वाजायची. चारही परत आले. बरोबर छापील चिठ्ठी, खाली सही सुद्धा नव्हती. पुढे दोन-तीन महिन्यांनी माझा एक शिक्षक मित्र घरी आला आणि नाकारलेल्या प्रिंटांचा खोका उपसत बसला. त्यातून त्याने एक काढली आणि विचारलं, "हा का नाही पाठवलास?" तो फोटो मी तोरणमाळहून उतरताना, एसटी घाटात बंद पडली म्हणून रस्त्याच्या कडेला उभा असताना काढला होता. सागाची पानगळ झालेली डोंगराची उघडी सोंड आणि तिच्यावरून खाली येणारी एकच पायवाट. त्या फोटोला मी काहीच कष्ट घेतले नव्हते, म्हणून तो मला दिसलाच नव्हता. आज माझ्या घरात तलाव नाही, ती पायवाट लावलेली आहे.

म्हणून मी विचारतो. मी त्या माळावर होतो, तुम्ही नव्हतात. मला त्या फोटोत चिखल दिसतो, पहाटेचा गारवा लागतो, तिसऱ्यांदा आल्याचं समाधानही त्यात मिसळलेलं असतं. यातलं कागदावर किती उतरलं आणि माझ्याच डोक्यात किती राहिलं, हे मला कळायचा मार्ग नाही. ते फक्त तिथे नसलेला माणूस सांगू शकतो. मी इतरांचे डोळे मागतो ते एवढ्यासाठी. त्याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा, पण मग स्वतःचं नाव लिहून म्हणा.

केकी मूस यांचं नाव तुम्ही घेतलंत. ते घेताना त्यांचं काम काय होतं हे आठवलं असतं तर बरं झालं असतं. मूससाहेब चाळीसगावच्या त्यांच्या घरातून दशकानुदशकं जवळजवळ बाहेरच पडले नाहीत, आणि त्यांचं नाव झालं ते टेबलटॉप फोटोग्राफीत. टेबलावर सगळं दृश्य स्वतःच्या हातांनी मांडायचं, उजेडही आपणच ठरवायचा. तिथे निवड बटण दाबण्याआधीच पूर्ण झालेली असते. माझ्या माळावर ढग माझ्या हातात नाहीत, वारा नाही, मध्येच शिरणारी मेंढरं नाहीत. तिथे निवड घरी आल्यावर सुरू होते. शिवाय त्यांनी काय फोटो कपाटात ठेवले होते? देशविदेशातल्या प्रदर्शनांना पाठवले, पारितोषिकं मिळवली. प्रदर्शनाला फोटो पाठवणं म्हणजे परक्या डोळ्यांपुढे ठेवणंच. मी तेच करतो, फक्त माझ्याकडे परीक्षक नाहीत, वाचक आहेत. त्या मोठ्या माणसाला माझ्या डोक्यात घालायचा सोटा करू नका.

वाहवेबद्दल एकदाच बोलतो. त्या नऊ फोटोंवर तुमची सोडून २३ उत्तरं आली. त्यात नऊ जणांनी नुसतं "छान", "अप्रतिम" लिहिलं आहे, ते मी मोजतही नाही. पण शिरपूरच्या एका ताईंनी लिहिलं की चौथ्यातली भिंत म्हणजे वाकून निंदणी करणाऱ्या बाईची पाठ वाटते. एका शेतकरी भावाने सहाव्याबद्दल लिहिलं, "पुढच्या कपाशीवर लाल्या आला आहे, कुणाचं वावर आहे?" मी त्या लाल पानांवर उजेडाचा रंग म्हणून खूष होतो! त्या वावराचं वर्ष वाया चाललं आहे हे मला दिसलं नव्हतं. एकाने नवव्यातली पवनचक्की काढून टाका म्हटलं, दुसऱ्याने तीच ठेवा म्हटलं, आणि दोघांनीही कारणं दिली. याला वाहवा गोळा करणं म्हणतात?

माझे वडील होते तोवर पहिली प्रिंट त्यांना दाखवायचो. त्यांना फोटोतलं काही कळत नव्हतं. ते चष्मा कपाळावर सारून कागद डोळ्यांजवळ न्यायचे आणि विचारायचे, "हाई पांझरा शे का?" कधी म्हणायचे, "पानी सोडेल दिसस." एकदा लळिंगच्या कुरणाचा फोटो दाखवला. मला वाटलं होतं गवतावरचं ऊन बघतील. ते म्हणाले, "गुरं कोठे गयात?" तो फोटो मी त्यानंतर कुठेच लावला नाही, कारण त्यांनी विचारल्यावर तो मलाही रिकामा दिसायला लागला. छान की वाईट, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. माझी सगळ्यात चांगली निवड त्या माणसाच्या तीन-चार शब्दांवर झाली आहे. तुम्ही कुणाला आळशी म्हणता आहात, ते कळावं म्हणून हे लिहिलं.

सातव्यातल्या हिरव्याचं काय सांगू? सप्टेंबरात साक्रीचा माळ तसाच दिसतो, जाऊन बघा. आणि "कुठला आवडला" ऐवजी "काय दिसलं" विचारा, हा शब्दांचा खेळ आहे. माझा प्रश्न माझ्या वाचकांना बरोबर कळतो, त्यांच्या उत्तरांवरून ते दिसतंच. त्यावर वेळ घालवत नाही.

एक मात्र विचारतो. तुम्ही स्वतः फोटो काढत असाल, आणि भाषेवरून तसं वाटतं, तर त्यातला एक तरी आम्हाला दाखवा. मी शब्द देतो की त्याला आळस म्हणणार नाही. नीट बघेन, दोन दिवस घेईन आणि मग लिहीन. ज्याने अंधारात बांध तुडवला आहे त्याच्याशी एवढं तरी सभ्यपणे वागावं, अशी आमच्याकडे रीत आहे. रात्री पावणेबाराला, नाव झाकून, चार ओळीत माणूस निकालात काढायची रीत आमच्याकडे नाही.

तिसरा फोटो आज सकाळी सरळ करून परत लावला आहे. डावीकडची बाभूळ त्यात थोडी कापली गेली, तिला इलाज नाही. प्रदर्शनासाठी चौथा नक्की केला आहे. दुसरी जागा अजून रिकामी आहे, सहावा द्यायचा की नाही हे ज्याचं वावर आहे त्याला भेटून ठरवणार आहे. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तिरपं ऊन आलं की, चौथ्यांदा भिंतीवर जाणार. आल्यावर जेवढे फोटो मला स्वतःला सोडवत नसतील तेवढे सगळे इथे लावीन, आणि खाली प्रश्न हाच असेल.