अभिषिक्ताला हिशोब विचारायचा नाही का?

पुण्यातल्या आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन आठवडे एकच विषय चाललाय, आणि इथे बर्मिंगहॅममध्ये सकाळी उठून बघावं तर शंभरेक मेसेज पडलेले. झालं असं की चर्चचा हॉल लग्न-साखरपुड्याला भाड्याने देतात, एका तरुण मुलाने विचारलं की वर्षाचं भाडं किती जमलं आणि कुठे खर्च झालं. साधा प्रश्न. कमिटीतल्या एका ज्येष्ठ काकांनी त्यावर बायबलमधलं वचन टाकलं, माझ्या अभिषिक्तांना, म्हणजे देवाने तेल लावून नेमलेल्यांना, हात लावू नका. मग आमेन, आमेनची रांग लागली आणि तो मुलगा गप्प झाला.

मला हे फार लागलं. अहो बायबलमधला दावीद राजासुद्धा अभिषिक्तच होता. आपल्याच सैनिकाची, उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत पुढे उभा करून मारवला, तरी नाथान संदेष्टा त्याच्यासमोर गेला, गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने पाहुण्यासाठी कापली ही गोष्ट सांगितली, दावीद भडकल्यावर म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. दावीदाने त्याला हाकललं नाही, मी पाप केलंय म्हणाला. आणि आपण तर पुण्याचे! 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला तेव्हा रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना तोंडावर देहांत प्रायश्चित्त सांगितलं, हे शाळेत आपण सगळेच शिकलोय ना.

दावीदाचा मुलगा शलमोन राजा, त्याचं ज्ञान ज्ञान म्हणतो आपण, पण त्याने देवाकडे मागितलं काय ते बघा, हिब्रूत शब्द आहेत लेव शोमेआ, म्हणजे ऐकणारं हृदय. त्याच अध्यायात पुढे दोन वेश्या एका बाळासाठी भांडत येतात, ज्यांना गावात कुणी दारात उभं केलं नसतं त्या थेट राजासमोर. राजा दोघींचं ऐकतो आणि मग ही असं म्हणते, ती तसं म्हणते, असं दोघींचं म्हणणं परत बोलून दाखवतो. बाळाचे दोन तुकडे करून वाटायला तलवार त्याच्यानंतर मागवतो. लहानपणी संडेस्कूलमध्ये आम्हाला फक्त तलवारच लक्षात राहिली.

आता तिकडे सगळं वाईट आणि इकडे सगळं छान असं मी म्हणत नाहीये. इथल्या पोस्ट ऑफिसने 1999 ते 2015 मध्ये कॉम्प्युटरच्या चुकीच्या हिशोबावर छोट्या पोस्टमास्तरांवर चोरीचे खटले भरले, इतरांनी भरलेले धरून 900 पेक्षा जास्त लोक दोषी ठरले, काही जेलमध्ये गेले. ते बिचारे सांगत होते की सिस्टीमच चुकतेय, कुणी ऐकलं नाही. आणि 2012 पासून तिथे प्रमुख असलेल्या बाई स्वतः दीक्षा घेतलेल्या पाळक, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, होत्या. झगा घातला म्हणून कान उघडतात असं नाही, इथेही नाही. पण आमच्या इथल्या चर्चच्या वार्षिक सभेत हिशोबाचे कागद प्रत्येक खुर्चीवर ठेवलेले असतात, यंदा एका आजींनी हीटिंगच्या बिलावरून खजिनदाराला दहा-पंधरा मिनिटं धरून ठेवलं, पाळकबाई शेजारी बसून ऐकत होत्या, नंतर सगळ्यांनी एकत्र चहा घेतला.

आणि हे काही मी परदेशात शिकलो नाही. माझे बाबा त्याच पुण्याच्या मंडळीत पंच, म्हणजे कमिटीत, होते. उपासना झाली की दानाच्या थैल्या टेबलावर उलट्या करायच्या, दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा जुळला नाही तर परत पहिल्यापासून, मग लांब वहीत दोघांच्या सह्या. भुकेने मी बाबांचा शर्ट ओढत असायचो आणि ते चार आण्यांची चळत लावत बसायचे.

काल मी ग्रुपवर लिहिलं, काका, सलाम, तुमच्याबद्दल आदर आहेच, पण त्या मुलाचा प्रश्न आता माझाही समजा, हॉलचं भाडं किती आलं आणि कुठे गेलं? एकाने खाजगीत लिहिलं, बरं केलंस. ग्रुपवर अजून कुणी काही बोललेलं नाही.